बसवणं आणि काढणं

चि. मीनल हिस,


दंडाच्या कातडीखाली बसवायच्या गर्भनिरोधक इम्प्लांटचं प्रशिक्षण तू पुरं केलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. प्रसूतिकक्षात नोकरी केलेल्या माझ्यासारखीला या सोयीचं मोल फार वाटतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 38 टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली दिसली. पुरुष नसबंदी 0.3 टक्के. लागोपाठ मुलं आणि मग ऑपरेशन, ही अजूनही आपल्या बायकांची नेहमीची वाट. विशीतल्या मुलीला पाळणा लांबवायचा असेल तर रोजची गोळी घरात लपवावी लागते, आणि तांबीची भीती आधीच कुणीतरी घातलेली असते. तिला ही काडेपेटीतल्या काडीएवढी, चार सेंटीमीटरची कांडी मोठा आधार आहे. तिच्यातून झिरपणारं प्रोजेस्टिन स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही आणि गर्भाशयमुखाचा स्राव दाट करतं. एकदा बसवली की तीन वर्षं पाहायला नको. हजारात एखादीलाही वर्षभरात क्वचितच दिवस जातात. इस्ट्रोजेन नसल्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

पण बसवण्याआधी पाळीबद्दल सविस्तर बोल. कुणाची पाळी थांबते, तर कुणाला अधूनमधून थोडं थोडं अंगावर जात राहतं. ज्या घरात पाळीच्या दिवसांत बाईला देवघर आणि चूल बंद असते, तिथे या त्रासाला किरकोळ म्हणू नये. क्षयरोगाची रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर इम्प्लांटचा भरवसा धरता येत नाही, तेही विचार. लैंगिक आजारांपासून तर ते वाचवत नाहीच. त्यासाठी निरोधच हवा.

1980 च्या दशकात आपल्याकडे नॉरप्लांट या आधीच्या इम्प्लांटच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला. बाईला पुरती माहिती देता का, आणि तिला नको झालं तर काढणार कोण, हे त्यांचे प्रश्न होते. अमेरिकेत 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने तर एका बाईला प्रोबेशनची अट म्हणून नॉरप्लांट बसवायचा हुकूम दिला होता. गोळी बाई स्वतः थांबवते. इम्प्लांट काढायला तिला तुझ्यापर्यंत यावं लागतं. तिच्या शरीरावरचा तेवढा अधिकार तुझ्या हाती येतो.

म्हणून सांगते, मुदतीआधी कुणी काढायला आली तर तिला परत पाठवू नकोस. नवऱ्याची सही मागू नकोस, उद्दिष्टाचा आकडा डोळ्यांपुढे आणू नकोस. त्रास काय तो विचार, उपाय असेल तर सांग. तरीही ती ठाम असेल तर त्याच दिवशी काढून दे.

तुझी,
मावशी