यकृताच्या दोन ओळी

मधुमेह्याच्या रक्ताचा अहवाल हाती आला की आपली नजर आधी साखरेच्या आकड्यावर जाते. एसजीपीटी आणि एसजीओटी या यकृताच्या दोन ओळी बहुधा वाचल्याच जात नाहीत. वाचल्या तर दोष भलत्याच्याच माथी जातो.

आमच्या घरी तसेच घडू पाहत होते. यजमानांना इन्शुलिन सुरू होऊन तीन महिने झाले, तेव्हा एसजीपीटी 78 निघाले. ‘सुईने यकृत बिघडते आहे, ती आधी थांबवा,’ असे मोठ्या दिरांनी निक्षून सांगितले. डॉक्टरांनी मात्र इन्शुलिनपूर्वीचा अहवाल शोधायला लावला. त्यात तोच आकडा 96 होता!

ही विकरे यकृताच्या पेशींत असतात. पेशींना इजा झाली की रक्तात पाझरतात. टाइप 2 मधुमेहात इजेचे नेहमीचे कारण म्हणजे यकृतात साठलेली चरबी. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की मेदसाठ्यांतून सुटलेली चरबी यकृताकडे वाहते. आहारातील जादा साखरेचीही तेथे चरबी होते. साखर तयार करणे थांबवण्याची इन्शुलिनची आज्ञाही असे यकृत पुरती पाळत नाही. म्हणूनच रात्रभर उपाशी राहूनही सकाळची साखर चढलेली दिसते. योग्य मात्रेतील इन्शुलिनने हा ओघ आवरतो आणि पुष्कळदा विकरेही उतरतात.

साठलेली चरबी हलवण्याचे मुख्य काम मात्र ताटाचे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांच्या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 11 मधुमेह्यांना रोज सुमारे 600 कॅलरींचा आहार दिला. आठवड्यातच यकृतातील चरबी सुमारे 30 टक्क्यांनी घटली. इतका कडक आहार घरी करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर त्याने धोकादायकरीत्या उतरेल. आम्ही साधेच केले. चहातली साखर, फळांचे रस आणि फरसाण बंद, भात निम्मा, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर अधिक. इन्शुलिनची मात्रा डॉक्टर बेताबेताने कमी करत गेले. सहा महिन्यांत वजन 82 वरून 76 किलोवर आले, एसजीपीटी 41 वर.

तरीही दोन गोष्टी ध्यानी ठेवा. वाढलेल्या विकरांमागे कावीळ, मद्य किंवा एखादे औषधही असू शकते. आणि विकरे सामान्य असूनही यकृतात चरबी असू शकते. तेव्हा निदान डॉक्टरांकडे सोपवा, इन्शुलिन आपल्या मनाने थांबवू नका, आणि ताटाची काळजी मात्र आजच्या जेवणापासून स्वतः घ्या.