आप्पा आणि त्रिएस्ते

आमच्या आप्पांचं मत ठाम होतं. बेळगाव महाराष्ट्रात गेलं की सगळं मार्गी लागेल. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात ढकलले गेलो तेव्हा ते अठरा वर्षांचे. सीमालढ्यात तुरुंगातही जाऊन आले. अशा घरात वाढलो, त्यामुळे मीही तेच मानत आलो. पहिली शंका आली ती २००८ साली, तीही इटलीत.

भौतिकशास्त्राच्या एका कार्यशाळेसाठी दोन आठवडे त्रिएस्तेला होतो. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली संस्था तिथं आहे. शहर इटलीच्या ईशान्य टोकाला. पुढं समुद्र, मागं खडकाळ पठार, आणि पठारावर थोडं गेलं की स्लोव्हेनिया. इटालियन लोक त्रिएस्ते म्हणतात, स्लोव्हेन त्र्स्त म्हणतात. (बेळगाव की बेळगावी, यावर भांडणाऱ्यांना जास्त सांगायला नको.)

मी ज्यांच्याकडे राहिलो त्या बाईंची आजी स्लोव्हेन. १९१० साली ऑस्ट्रियात जन्मली. १९१८ नंतर इटलीत, १९४३ ला जर्मनांच्या ताब्यात, १९४५ च्या मे महिन्यात चाळीस दिवस युगोस्लाव्हियाचं सैन्य, मग इंग्रज-अमेरिकनांचं लष्करी राज्य, आणि १९५४ मध्ये परत इटली. चव्वेचाळीस वर्षांत पाच वेळा राज्य बदललं. म्हातारीनं गल्लीसुद्धा बदलली नव्हती!

हे शहर मोठं झालं ते ऑस्ट्रियाचं बंदर म्हणून. १७१९ मध्ये व्हिएन्नाच्या बादशहानं ते खुलं बंदर केलं आणि ग्रीक, सर्ब, ज्यू, जर्मन सगळे व्यापाराला आले. कालव्याजवळ सर्बांचं चर्च, समुद्राकडेला ग्रीकांचं, आणि १९१२ मध्ये बांधलेलं ज्यूंचं भलंमोठं प्रार्थनामंदिर. तिन्ही मी चालत चालत पाहिली. जेम्स जॉईस इथंच इंग्रजीच्या शिकवण्या करायचा. इथल्या लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईपर्यंत यायच्या. १९३१ मध्ये गांधीजी युरोपातून परतले ती 'पिल्स्ना' बोट याच कंपनीची.

पण शहरात इटालियन जास्त, आणि त्यांच्यातल्या अनेकांना इटलीत जायचं होतं. १९१८ ला ते मिळालं. मिळालं आणि बंदराचं पोट सुटलं. ज्या मुलखाचा माल इथून जायचा तो मुलूखच सीमेपलीकडे गेला. इटलीकडे जेनोवा होतं, नेपल्स होतं, व्हेनिस तर शेजारीच. हे आणखी एक कशाला हवं?

मग भाषेवरून सुरू झालं. १३ जुलै १९२० ला स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन जाळलं. पुढं त्यांच्या शाळा बंद झाल्या, आडनावं इटालियन केली गेली. वोदोपिवेत्सचं बेविलाक्वा. दोन्हीचा अर्थ एकच, पाणी पिणारा. म्हणजे माणसाचं चक्क भाषांतर! १९३८ मध्ये ज्यूंविरुद्धच्या कायद्यांची घोषणा मुसोलिनीनं केली ती याच शहराच्या चौकात. जर्मन आल्यावर एका भात गिरणीत त्यांनी छळछावणी केली, तिथं माणसं जाळायची भट्टीही होती. नंतर युगोस्लाव्ह आले तेव्हा त्यांनीही माणसं पठारावरच्या खोल विवरांत टाकली. कुणाचे हात स्वच्छ नाहीत.

१९५४ मध्ये इटली परत आली तेव्हा चौकात लोक आनंदानं रडले. आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच शहरातले हजारो लोक कामधंद्यासाठी बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला निघून गेले. हे ऐकलं आणि मला रात्री नीट झोप लागली नाही.

घरी आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही चुकलो म्हणतोस?"

म्हटलं, नाही. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा, हे मागणं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे. पण आपली भाजी गोव्याला जाते, ती सरहद्द हलली तरी गोव्यालाच जायला हवी. आणि शेजारच्या कन्नड घरातल्या पोराची शाळा तेव्हा कोण सांभाळणार, हे आपल्याकडे कुठल्या सभेत बोललं गेलं? मला तरी आठवत नाही.

आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच विचारलं, "त्या म्हातारीनं आडनाव परत घेतलं का रे?"

नाही घेतलं. पोरांचे सगळे दाखले नव्या नावावर झाले होते. थडग्यावर मात्र तिनं जुनं घालायला सांगितलं होतं.