रंगाचा बेरंग

निवृत्त माणसाला एखादा छंद हवा, असं सगळे सांगतात. कोणता नको, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे नोकरीतून सुटून चंद्रपुरात स्थिरावल्यावर मी एकदम दोन छंद लावून घेतले. पहिला, जुन्या कृष्णधवल फोटोंना कॉम्प्युटरवर रंग देण्याचा आणि दुसरा, शनिवारी रात्री गच्चीवर शेजाऱ्यांना जमवून कराओकेवर गायला लावण्याचा. पहिल्याचा त्रास फक्त घरच्यांना होतो. दुसऱ्याच्या बाबतीत मी आपपरभाव ठेवत नाही.

दोन्हींचे प्रोग्राम मी घरीच लिहितो. घरीच म्हणजे लोणचं घरी घालतात त्या अर्थाने: कैऱ्या बाजारच्या, मसाला बाजारचा, बरणी तेवढी आपली. २०१८ साली जेसन अँटिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने फोटो रंगवणारा 'डिओल्डिफाय' हा प्रोग्राम सगळ्यांसाठी फुकट खुला केला. 'फुकट' हा शब्द चंद्रपूरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आता यातलं शास्त्र सांगतो. (सौ. या वाक्याला उठून आत जाते. वाचकहो, तुम्ही बसा.) कृष्णधवल फोटोत उजेड आणि अंधार तेवढा नोंदलेला असतो, रंग नसतोच. तो कॉम्प्युटरने अंदाजाने भरायचा. त्यासाठी त्याला आधी लाखो रंगीत फोटो दाखवलेले असतात. आकाश निळं, गवत हिरवं, एवढं त्याला त्यातून समजतं. पण लुगडं? लुगडं कुठल्याही रंगाचं असू शकतं. मग बिचारा सगळ्या रंगांची सरासरी काढतो आणि मातकट तपकिरीवर येऊन थांबतो. परिणामी आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या बायका एकाच ताग्यातलं कापड नेसून उभ्या राहिल्या. आजोबांच्या मिशा मागच्या चिंचेत मिसळून हिरव्या झाल्या, ते वेगळंच.

"तुमच्याकडे बायकांना दुसऱ्या रंगाचं लुगडं घेतच नसत, हे मला लग्नाआधी कळायला हवं होतं," सौ. म्हणाली.

कराओकेचं शास्त्र याच्या बरोबर उलट. रंगात नसलेलं भरायचं, इथे असलेलं काढायचं. कराओके म्हणजे जपानीत 'रिकामा वाद्यवृंद'. कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली असं यंत्र बनवलं, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्यांना गंमतीचा 'इग नोबेल' मिळाला, तोही शांततेचा! माणसं त्यामुळे एकमेकांना सहन करायला शिकली, असं त्यामागचं कारण. आमच्या गच्चीवर हे शिक्षण अजून चालू आहे.

गाण्यातून गायकाचा आवाज काढायची जुनी युक्ती सोपी होती. स्टिरिओत गायक सहसा दोन्ही बाजूंना सारखाच ऐकू येतो. म्हणून डावीतून उजवी बाजू वजा केली की गायक जातो, वाद्यं उरतात. मी मोठ्या हौसेने एका जुन्या हिंदी गाण्यावर ही वजाबाकी केली. पण ती गाणी स्टिरिओ नव्हेत, मोनो. दोन्ही बाजूंना सगळंच सारखं. उत्तर आलं शून्य. सव्वातीन मिनिटं निखळ शांतता.

"हे मात्र छान जमलं हं!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

पुढे फ्रान्सच्या डीझर कंपनीने २०१९ साली खुला केलेला 'स्प्लीटर' हाती लागला आणि तीही शांतता संपली.

माझ्या या दोन छंदांची गाठ पडली ती एका फोटोमुळे. जुन्या ट्रंकेत तो सापडला. ऐन विशीतली बाई, अंगावर लुगडं, नाकात नथ, मागे रंगवलेल्या पडद्यावर हंस. पाठीवर पेन्सिलीने एवढंच: 'वडसा'. नाक हुबेहूब माझं, तेव्हा ही माझी आजीच, असं सर्वानुमते ठरलं. कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे तपकिरी लुगडं नेसवलं. मी तो निर्णय फिरवून हिरवं केलं. आजी म्हटल्यावर हिरवं!

त्या शनिवारी शहाऐंशी वर्षांच्या आत्याबाई वडशाहून आल्या होत्या. दोन गाण्यांच्या मध्ये गायकांना पाणी आणि श्रोत्यांना विश्रांती मिळावी म्हणून मी भिंतीवर रंगीत फोटो दाखवत असे. आजी भिंतीवर उमटली आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"बाबू, हे तुयी आजी नोहे. हा तुया बाप आहे!"

गच्चीवर मोनो गाण्याची वजाबाकी पसरली.

मग आत्याबाई सांगू लागल्या. झाडीपट्टीची नाटकं आज रात्र-रात्र चालतात, धान निघाल्यावर वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, त्यात बायकांची कामं बायकाच करतात. २०२३ साली त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण १९५६ साली, वडसा चांदा जिल्ह्यात होतं आणि गडचिरोली जिल्हा व्हायला सव्वीस वर्षं होती, तेव्हा दंडारीत बाईचं काम पुरुषच करत. ते काम करावं तर माझ्या वडिलांनी! फोटोतलं लुगडं आईचं, लग्नातलं. न विचारता नेसलेलं. नवी नवरी आठ दिवस बोलली नव्हती.

"अन् गाये कसा! असा माईक नव्हता बाबू. शिवेपर्यंत आवाज जाये."

मला आठवणारे वडील म्हणजे छत्री, खतावणी आणि मौन. मी शीळ घातली तरी ते चष्म्यावरून बघत. ते कधी गुणगुणल्याचंही मला आठवत नाही.

"मग सोडलं का?" मी विचारलं.

"तू झाला ना," आत्याबाई सहज म्हणाल्या. "पोट्टा झाला, मंग म्हणे, आता तोंडाले रंग लावनं बंद."

त्या रात्री पुढे कोणी गायलं नाही. कुठल्याही गाण्यातून आवाज काढून टाकणारा प्रोग्राम माझ्याकडे आहे. पण जो आवाज कुठल्याच फितीवर नाही, तो परत आणणारा प्रोग्राम फ्रान्सातही नाही आणि अमेरिकेतही नाही.

सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. आत्याबाई शेजारी बसल्या.

"लुगडा कोणत्या रंगाचा होता?"

"पिवरा. हरदीवानी."

त्या सांगत गेल्या, मी माऊसने हाताने भरत गेलो. गालाला लाली, ओठांना विडा, कपाळाला कुंकू. "आनखी थोडा," त्या म्हणायच्या. माझ्यापायी ज्यांनी तोंडाचा रंग पुसला, त्यांच्या तोंडाला मी जवळजवळ सत्तर वर्षांनी रंग लावत होतो.

मध्यरात्री सौ. मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"छान दिसतात हो मामंजी," ती म्हणाली. "तुमच्या घराण्यात निदान एकाला तरी बरं लुगडं मिळालं!"