जुन्या गोव्यातली चार अक्षरं

आमच्या समोर राहणाऱ्या आंटींच्या दारावर एक लाकडी क्रूस आहे. त्याच्या डोक्यावर इवलीशी पाटी आणि तिच्यावर इंग्रजी चार अक्षरं : आय, एन, आर, आय. खोटं कशाला सांगू, बावीस वर्षं शेजार असूनही मला वाटायचं, क्रूस बनवणाऱ्या कारखान्याचं ते नाव असावं! विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेलो. मुलांना समुद्र हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "मला त्या मोठ्या देवळात न्या." म्हणून ह्यांना आणि मुलांना किनाऱ्यावर सोडून आम्ही दोघी पणजीहून बसने जुन्या गोव्याला गेलो. जेमतेम दहा किलोमीटर.

बॉम जीझसची बॅसिलिका १६०५ सालची. बाहेरून गिलावा नाही, जांभ्या दगडाचा तो तांबूस काळपटपणा कोकणातल्या जुन्या वाड्यासारखाच वाटतो. सासूबाईंनी सवयीने चपला काढल्या. काढायची गरज नव्हती, पण मीही काढल्या.

दर्शनी भिंतीवर अगदी उंचावर आय, एच, एस अशी अक्षरं आहेत. आत मुख्य वेदीवरही सोनेरी सूर्यात तीच, आणि त्यांच्याकडे टक लावून उभे संत इग्नेशियस. तिथे भेटलेल्या एका माहीतगार गृहस्थांनी उलगडा केला. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली तीन अक्षरं. मधला 'एच' ग्रीकमध्ये 'ई' असतो. लॅटिन जाणणाऱ्यांनी पुढे त्यातून 'येशू, माणसांचा तारणहार' असाही अर्थ काढला. इग्नेशियसच्या येसू संघाची ही मुद्रा. आपण पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो ना, तसंच काहीसं, असं मला वाटलं.

मग मी धीर करून आमच्या आंटींची चार अक्षरं विचारली. 'इएसुस नाझारेनुस रेक्स इउदेओरुम', म्हणजे नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. लॅटिनमध्ये तेव्हा 'जे' नव्हता, म्हणून येशूचंही नाव 'आय'ने सुरू होतं. ही पाटी भक्तांनी लावलेली नाही बरं का! सुळावर चढवलेल्याचा गुन्हा काय, ते सांगणारी ती रोमन सरकारची पाटी. बायबलात आहे की पिलात नावाच्या सुभेदाराने ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहवली. पुरोहितांनी मजकूर बदलायला सांगितला, तर त्याने साफ नकार दिला. एकाची हेटाळणी करणारी पाटी, आणि आज तीच लोक हात जोडून दारावर लावतात. माझ्या अंगावर काटाच आला.

समोरच्या से कॅथीड्रलमध्ये मात्र मी शिकवायच्या आधीच सासूबाई शिकल्या. त्यांना अक्षरओळख नाही. वेदीवरच्या कोरीवकामाकडे बघत म्हणाल्या, "हिचा छळ केलेला दिसतोय." ती संत कॅथरीन. शिक्षेसाठी आणलेलं चाक मोडलं, मग तलवारीने शिर उडवलं, अशी तिची कथा. म्हणून चित्रात चाक दिसलं की ती कॅथरीन समजायची. पूर्वी चर्चमध्ये येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नसे. त्यांच्यासाठी या खुणा हीच पोथी होती.

शेवटी सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय पाहिलं. तिथे चांदीचा एक पेलिकन पक्षी आहे, चोचीने स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा. खरं तर हा पक्षी तसं काही करत नाही. घशाच्या पिशवीतले मासे पिल्लांना भरवताना त्याची चोच छातीशी टेकते, म्हणून जुन्या लोकांची तशी समजूत झाली असावी. ख्रिस्ती लोकांनी त्यात येशूचं बलिदान पाहिलं.

हे सगळं मी सासूबाईंना समजावत होते. त्या काचेपाशी वाकून म्हणाल्या, "आईच की गं ती." सासूबाईंची दोन मुलं लहानपणीच गेली. मी पुढे काही बोलले नाही. आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो.

घरी आल्यावर गोव्याची काजू-बर्फी घेऊन आंटींकडे गेले आणि मोठ्या ऐटीत चार अक्षरांचा अर्थ सांगितला. त्या खूप हसल्या. "आजीने सांगितलं होतं, मी विसरूनच गेले होते!" मग माझ्या उंबऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "चातुर्मासात तुम्ही ती गाईची पावलं रांगोळीने काढता, ती तेहतीसच का हो?"

मी सासूबाईंना हाक मारली.