मागची गाडी

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे जाऊन त्याला ४५ वर्षे झाली. पण पेच पडला की त्याला अजूनही भातकुलीच आठवते. गेल्या महिन्यात असाच त्याचा फोन आला. निवृत्तीनंतर त्याने एक लहानसे मोटारघर घेतले आहे. लांबी २४ फूट. आत चूल, पलंग, मोरी, सगळे. आता नवराबायको मिळून तीन महिने देश पाहायला निघणार. त्याचा प्रश्न एवढाच होता : "दादा, मागे छोटी मोटार बांधून न्यावी की नको?"

मला हसू आले. आपल्याकडे हा प्रश्न उद्भवायचाच नाही. १९८९ च्या रस्तानियमांनी बिघडलेली गाडी, अर्धवट जोडलेली गाडी, नोंदलेला ट्रेलर आणि साइडकार एवढ्यांनाच ओढून नेण्याची मुभा दिली होती. म्हणजे धडधाकट मोटार ओढायची, तर आधी ती मोडायला हवी! तिकडे मात्र ही सर्रास चाल आहे. मोटारघर एका जागी उभे करायचे आणि बाजारहाटाला, डोंगरदऱ्या पाहायला लहान मोटार काढायची.

पण त्यातही भानगडी आहेत. चारही चाके जमिनीवर ठेवून प्रत्येक मोटार ओढता येत नाही. पुष्कळ स्वयंचलित गाड्यांत इंजिन बंद असले की गिअरपेटीत तेल फिरत नाही आणि चाके फिरत राहिली तर पेटी जळते. मग पुढची दोन चाके उचलणारा गाडा तरी घ्या, नाही तर अख्खी मोटार ट्रेलरवर चढवा. मागच्या मोटारीला वेगळे ब्रेक लावा. आणि एवढे करून वाट चुकली, तर मागे घेण्याची सोय नाही. मागची मोटार सोडून ठेवावी लागते. भावाचे वय ७१. हे सारे सांगून तो जरा थांबला आणि म्हणाला, "आणि हिचं हृदयाचं दुखणं आहेच. रात्रीबेरात्री लागलं तर?"

खरा प्रश्न हा होता. तो ऐकला आणि मी एकदम बहिरमच्या यात्रेत जाऊन पोहोचलो.

१९५८ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसे. विहिरीचे मचूळ पाणी पिऊन वाढलेली. हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमला जायचे म्हणजे केवढा आनंद! बंडीत धान्य, भांडी, अंथरुणे भरायची, वर ताडपत्रीचे छत घालायचे आणि तिथे पोचल्यावर आठ दिवस त्या बंडीतच संसार मांडायचा. आमच्याकडे एक हलकी रेंगीही होती. बाबा म्हणाले, तीही मागे बांधून नेऊ, तिथे फिरायला होईल. आबाजींनी साफ मोडता घातला. "बैलायच्या मानेवर दोन-दोन गाड्या कायले? आपली हौस अन् त्यायचा जीव!"

तिसऱ्या रात्री धाकट्या भावाचा घसा धरला. चार वर्षांचे पोर. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येई. डॉक्टर परतवाड्याला, चार-पाच कोसांवर. आणि बंडी म्हणजे आमचे घर झालेले! कंदिलाच्या उजेडात आईने डबे उतरवले, मी अंथरुणे ओढली, बाबांनी छत सोडले. निघायला तासभर गेला असेल. तो तास मी विसरलेलो नाही. पहाटे डॉक्टरांकडे पोचलो. भाऊ वाचला. आबाजी वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः रेंगी मागे बांधली. पूर्णेच्या उतारावर ती पुढच्या बंडीला ढकलू लागली. बंडी तिरपी झाली आणि डावा बैल गुडघ्यावर आला. तो बैल पुन्हा पहिल्यासारखा चालला नाही.

तिसऱ्या वर्षी आबाजींनी रेंगी घरी ठेवली. पण यात्रेत पोचताच त्यांनी राहुटी भाड्याने घेतली, सारा संसार तीत उतरवला आणि बंडी रिकामी करून तोंड रस्त्याकडे करून उभी केली. बैल जवळच बांधले. रात्री जू चाचपून पाहिल्याखेरीज ते झोपत नसत.

हे सगळे मी भावाला सांगितले. त्याला त्या रात्रीतले काहीच आठवत नव्हते. मी म्हणालो, "मोटार ओढू नकोस. पण तुझं घर मांडूनही ठेवू नकोस. रात्री निजण्याआधी भांडी कपाटात, पाण्याची नळी नि विजेची तार सोडलेली, तोंड रस्त्याकडे. चार दिवस एका गावी राहायचं असेल तर तिथंच मोटार भाड्यानं घे. आणि दवाखाना कुठं आहे ते आधी बघून ठेव. त्यापासून लांब मुक्कामच करू नकोस."

माझा सल्ला मलाच फार आवडला होता. तेवढ्यात भावजयीने फोन घेतला. "दादा, मोटार नको हे मला पटलं. नळी-तारही सोडून ठेवू. पण दवाखान्याजवळच राहायचं असतं, तर मी घरीच नसते का राहिले? मला तो मोठा कडा बघायचाय, सकाळच्या उन्हात. तिथं दवाखाना असेल तर बरं, नसेल तरी जायचंय."

मी काय बोलणार? आमची आईसुद्धा त्या रात्रीनंतर यात्रा सोडून बसली नव्हती. दुसऱ्या वर्षी तिनेच आधी डबे भरायला काढले होते.

परवा ती दोघे निघाली. मागे मोटार नाही. इकडे रात्र असते तेव्हा तिकडे दिवस, हे मला ठाऊक आहे. तरीही झोपताना फोन उशाशी ठेवतो, आणि दिवसा तर खिशातून काढतच नाही. त्यांची रात्र तेव्हाच असते.