माहितगार

एम.फिल.ला असताना चर्चासत्रात पहिल्यांदा निबंध वाचायची पाळी आली, तेव्हा सरांनी तीन गोष्टी बजावल्या. पंधरा मिनिटांच्या वर जायचं नाही. कागदात तोंड खुपसून वाचायचं नाही. आणि पायात बूट हवेत. पहिल्या दोन गोष्टींचं काही वाटलं नाही, तिसरी ऐकून मात्र घाम फुटला. चांभाराच्या पोराकडं बूट नव्हता.

साल 1994. चर्चासत्र पुण्याला होतं आणि माझा निबंध मोटेच्या शब्दांवर. आमच्या कोल्हापूरकडच्या विहिरींवर आधी इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, आणि मोटेबरोबर तिची भाषाही निघून चालली होती. ती धरून ठेवायची, एवढाच माझा उद्योग. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 सालची दुसरी आवृत्ती ग्रंथालयात बसून चाळली. आत्र्यांचा ‘गावगाडा’ वाचला. मोट, नाडा, धाव, थारोळं हे शब्द म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडनंही मिळाले. पण मोट शिवायची कशी, हे कळायला आबांशिवाय दुसरा माणूस नव्हता. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं हाताला कसं लागतं, वादी किती रुंद काढायची, आरी कुठं टोचायची, नव्या मोटेला तेल कसं पाजायचं, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. उमेदीत त्यांनी गावच्या निम्म्या विहिरींच्या मोटा शिवल्या होत्या.

निबंधात मी लिहिलं, ‘माहितगार : एक वयोवृद्ध कारागीर.’ संशोधनाची भाषा अशीच असते, अशी मी माझी समजूत घातली.

जायच्या आदल्या आठवड्यात घरी गेलो. आईनं पांढरा शर्ट धुऊन वाळवला, नीळ जरा जास्तच झाली. मग पितळी तांब्यात चुलीतले इंगळ घालून घोंगड्यावर इस्त्री सुरू झाली. तांब्याचं बूड गोल, त्यामुळं कॉलरचं टोक काही केल्या बसेना. तिनं पाण्याचा हात लावून तीनदा तांब्या फिरवला. “ऱ्हाऊ दे गं,” म्हटलं तर म्हणाली, “म्होरची मानसं गळ्याकडंच बघत्यात.”

आबांनी काही न बोलता माझा पाय जमिनीवरच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि पेन्सिलीनं कड मारून घेतली. चार रात्री कंदील जवळ घेऊन ते वहाणा शिवत होते. गावातल्या पाटलाच्या पायाचं माप त्यांना तोंडपाठ होतं, माझं मात्र पहिल्यांदाच घेतलं. तोवर मी कुणाच्या तरी दुरुस्तीला येऊन न नेलेल्या वहाणाच वापरत आलो होतो. होस्टेलवर खोलीतल्या दोस्तानं बूट द्यायचं कबूल केलंय, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

शेवटच्या रात्री म्हणाले, “वाच बघू, काय ल्हिवलंयस.”

मी उभा राहून वाचलं. सोंडेच्या मोटेचं वर्णन आलं तसा रापीचा हात थांबला.

“नाड्यानं मोट वर येती, ही बराबर. पर सोलाचं काय? सोल लांब किती, ते कुटं हाय?”

सोल म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी, काही भागांत तिला सौंदर म्हणतात. नाडा वरच्या चाकावरनं जातो, सोल खालच्या लाटेवरनं. मोट वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाला लागून उभी राहते, म्हणून पाणी सांडत नाही. वर आल्यावर नाडा मोटेला वर ओढतो, सोल सोंडेला बाहेर थारोळ्यात खेचतं, आणि पाणी आपोआप पडतं. एवढं मी लिहिलं होतं.

“आरं, पर ते सोल जर का टिचभर लांब झालं, तर सोंड खाली पडती आन सगळं पानी माघारी हिरीत. बैलं रिकामी मोट वढत बसत्यात. समदी मोट सोलाच्या मापावर हाय.”

ते वाक्य मी समासात लिहून घेतलं. निबंधातलं सगळ्यात बरं वाक्य तेच ठरलं.

रात्रीच्या एस्टीनं पुण्याला उतरलो. गेस्टहाऊसच्या न्हाणीघरात गार पाण्यानं अंघोळ केली, टेरिकॉटची पँट चढवली, शर्ट आत खोचला. बूट एक नंबर मोठे होते. पुढं वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. वहाणा पिशवीच्या तळाशी होत्या, वरनं टॉवेल. दारात एका बाईंनी पूर्ण नाव लिहिलेला कागदी बिल्ला दिला, तो मी खिशाला टाचला.

सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर माझा प्रत्येक पाय वाजत होता. मोटेची आकृती मी पारदर्शक कागदावर काढून नेली होती, ती प्रोजेक्टरवर उलटी पडली. विहीर वर, बैल खाली. लोक हसले, मीही हसलो, आणि त्यामुळं आवाज जरा मोकळा झाला. कागद बाजूला राहिला. सोलाच्या मापाचं सांगताना तर मी हातानं नाडा ओढत होतो म्हणे. बारा मिनिटांत संपलं. टाळ्या बऱ्या पडल्या.

मग पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. फार चांगुलपणानं म्हणाले, “शिवणीची माहिती मला कुठं वाचायला मिळाली नव्हती. हे माहितगार कोण? त्यांचं नाव नोंदवायला हवं.”

मी आबांचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं नाही.

“तुमच्या गावचेच?”

“हो. गावातले एक कारागीर.”

हात कधी उचलला ते कळलं नाही, पण तो खिशावरच्या बिल्ल्यावर होता. त्यांनी नाव वहीत टिपून घेतलं. सर जेवताना म्हणाले, छान झालं. मला घास गिळत नव्हता. पुढं निबंध छापायला मागितला तेव्हा ती ओळ मी बदलली आणि आबांचं नाव, आडनाव, नातं सगळं घातलं. पण त्याला आणखी वर्ष जायचं होतं.

गावाकडं उतरायच्या आधी एस्टी स्टँडवर बूट काढून पिशवीत टाकले आणि वहाणा घातल्या. स्टँडपासनं घर शंभर पावलांवर.

आबा ओसरीवर होते. “कसं झालं?” न विचारता आधी म्हणाले, “लागल्या का रं?”

“न्हाई. लोण्यागत हुत्या.”

त्यांनी एक वहाण उचलली, उलटी केली आणि तळावरनं अंगठा फिरवला. एका जागी थांबले. मग दुसरी उचलून पाहिली.

“पुण्यात धूळ न्हाय म्हन की,” म्हणाले, आणि तेलाचा बोळा घेऊन दोन्हींच्या पट्ट्यांवरनं सावकाश फिरवत बसले.