आज्ञा पोचली, इंजिनाने ऐकली नाही

डिझेल इंजिनाचं कॅलिब्रेशन हाताने करायचे शेवटचे दिवस माझ्या पिढीने पाहिले. डायनोवर, म्हणजे इंजिनावर भार देऊन मोजमाप घेणाऱ्या यंत्रावर, इंजिन ठरावीक वेगाला आणि भाराला धरायचं, इंजेक्शनचं टायमिंग थोडं पुढे-मागे करायचं, धूर, नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाचा खप टिपून ठेवायचा आणि पुढच्या बिंदूवर जायचं. बीएस-सिक्सचे प्रदूषण नियम आल्यावर हे परवडेना. १ एप्रिल २०२० पासून डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. रेल प्रेशर, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणं), बूस्ट, पायलट इंजेक्शन, टायमिंग हे सगळं एकदम बदलत योग्य मेळ शोधायचा, तर रात्रभर यंत्रानेच चाचणी चालवायला हवी. पुण्यातल्या ज्या टेस्ट सेलमध्ये मी काम करत होते, तिथे त्यासाठीची स्क्रिप्ट लिहायची जबाबदारी माझ्यावर आली.

डायनो चालवणारा संगणक एका कंपनीचा असतो, ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकातले, मॅप (आकड्यांची टेबलं) बदलणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं. या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते जर्मन मोटार उद्योगाने १९९० च्या दशकात ठरवून दिलं. त्याचं नाव एएसएपी-थ्री. १९९८ साली स्थापन झालेल्या एएसएएम या संस्थेने पुढे ते सांभाळलं. स्वयंचलित कॅलिब्रेशनसाठीचं एसीआय हे मानकही तिचंच. पूर्वी सिरियल केबलवरून, नंतर इथरनेटवरून आज्ञा जाते: या मॅपमध्ये हा आकडा लिही, हे सिग्नल मोज. समोरून उत्तर येतं, आज्ञा पूर्ण झाली. माझी स्क्रिप्ट ते उत्तर वाचायची, इंजिन स्थिरावेपर्यंत थांबायची, मोजमाप घ्यायची आणि पुढे सरकायची. सकाळी लॉगमध्ये एकही एरर नसली की मी चाचणी चांगली झाली असं समजत असे.

माझी मोठी चूक तिथेच झाली. बेस मॅपमधला टायमिंगचा आकडा इंजेक्टरपर्यंत जसाच्या तसा जात नाही. ईसीयू त्यात पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाप्रमाणे दुरुस्त्या मिळवतो आणि शेवटी किमान-कमाल मर्यादेत तो बसवतो. मी बेस मॅपमध्ये ६ अंश लिहिले, मग ८, मग १०. तिन्ही वेळा आज्ञा पूर्ण झाल्याचं उत्तर आलं. ते खरंच होतं, आकडे मेमरीत लिहिले गेलेच होते. पण इंजिनाला मिळणारं टायमिंग कमाल मर्यादेमुळे तिन्ही वेळा ६ वरच अडकलं होतं. मोजायच्या यादीत सिग्नल वाढले की चाचणी रेंगाळते, म्हणून ते शेवटचं टायमिंग मी यादीतूनच काढून टाकलं होतं.

त्या आकड्यांवर आम्ही मॉडेल बांधलं. टायमिंग पुढे नेल्याने या भागात नायट्रोजन ऑक्साइड वाढत नाही, असं ते सांगू लागलं. मापनातल्या किरकोळ चढ-उतारात कुठेतरी खप एखाद्या कणाने कमी दिसला आणि ऑप्टिमायझरने १० अंश निवडले. ती सपाट रेघ बघून मला शंका यायलाच हवी होती. टायमिंग पुढे गेलं की ज्वलनाचं तापमान चढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, हे मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले होते. पण आलेख सुबक होता, मुदत जवळ आली होती, आणि मी सही केली.

पुढे दुसऱ्या गटाने त्यांच्या कामासाठी ती कमाल मर्यादा सैल केली. मॅपमध्ये दडून बसलेले १० अंश खरोखर लागू झाले आणि गाडीची चाचणी नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेबाहेर गेली. गाडीच्या गटातल्या सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "अगं, शेवटचं टायमिंग बघितलं होतंस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतरच्या बैठकीत मी मानकावर खापर फोडलं. इंटरफेस अपुरा आहे, लिहिलेला आकडा लागू झाला का ते तो सांगत नाही, असं मी म्हणाले. ते चुकीचं होतं. सॉफ्टवेअरने आज्ञा घेतली आणि पार पाडली, एवढंच कळवायचं त्या मानकाने कबूल केलं आहे. इंजिनाचं काय झालं हे विचारणं माझं काम होतं.

दुसऱ्या चुकीची मला जास्त लाज वाटते, कारण ती मी जाणूनबुजून केली. कोणता आकडा मेमरीत कुठे आहे आणि त्याचं रूपांतर कसं करायचं, हे ए-टू-एल फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल आणि ईसीयूतलं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं नसेल तर इशाऱ्याची खिडकी उघडते आणि कोणी ओके दाबेपर्यंत सगळं थांबतं. एकदा त्या खिडकीपायी आमची अख्खी रात्र वाया गेली. मी तो इशाराच बंद करून टाकला. नंतर सॉफ्टवेअर बदललं आणि फाइल जुनीच राहिली. बहुतेक जागा जुळत होत्या, त्यामुळे मोजमाप ठीक दिसत होतं. पण ईजीआरसाठी पाठवलेले आकडे भलत्याच टेबलमध्ये जाऊन पडले. एक्झॉस्टचं तापमान चढलं आणि टेस्ट सेलच्या स्वतंत्र सुरक्षा मर्यादेने इंजिन बंद केलं, म्हणून टर्बो वाचला. ती मर्यादा मी लावलेली नव्हती, सेल सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांनी लावलेली होती.

आता अशा स्क्रिप्ट लिहिणाऱ्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. आकडा लिहिलात की ईसीयूने शेवटी वापरलेला आकडा परत वाचा, आणि दोन्ही जुळत नसतील तर तो बिंदू मॉडेलमध्ये घेऊ नका. चाचणी रेंगाळली तरी चालेल. आणि आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा बंद करू नका. तो रात्री-बेरात्री आला तर चाचणी थांबू द्या, सकाळी येऊन आधी फाइल बदला.